बॉबस्ले आणि स्केलेटन जागतिक स्पर्धा: वेळेचा तक्ता नेमका कसा वाचायचा?

घसरवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या वळणदार वाटेवरून ढकलत नेऊन मग आत बसून उतरायची स्लेड (घसरगाडी), आणि स्केलेटन म्हणजे छोट्या उघड्या स्लेडवर पोटावर झोपून, डोकं पुढे ठेवून उतरणं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडला झालेल्या या दोन खेळांच्या जागतिक स्पर्धेचे तक्ते सध्या एकेक करून बघतोय. कोण जिंकलं ते कळतं. दोघांच्या आणि चौघांच्या बॉबस्लेमध्ये जर्मनीचा फ्रान्सेस्को फ्रिडरिश, महिलांच्या मोनोबॉबमध्ये (एकटीने ढकलून चालवायची बॉब) अमेरिकेची केशा लव्ह, स्केलेटनमध्ये ब्रिटनचा मॅट वेस्टन आणि नेदरलँड्सची किम्बर्ली बॉस. पण का जिंकलं ते तक्त्यावरून मला काढता येत नाही.

प्रत्येक फेरीसमोर सुरुवातीची वेळ, मधल्या टप्प्यांच्या वेळा, शेवटची वेळ आणि वेग असे आकडे असतात. सुरुवातीला सगळ्यात पुढे असलेली स्लेड शेवटी चौथी-पाचवी होते आणि कुठेही आपटलेली, घसटलेली दिसत नाही. उलटही होतं. "सुरुवातीचा एक दशांश म्हणजे खाली तीन दशांश" असं समालोचक सांगतात, पण तक्त्यात तो हिशोब नेहमी बसत नाही.

म्हणून विचारतो:
फरक कुठे पडला हे टप्प्यांच्या वेळांवरून कसं ओळखायचं? फेरीआधी रनरचं (स्लेडखालच्या, बर्फावर घसरणाऱ्या पोलादी पट्टीचं) तापमान का मोजतात? आणि आधी उतरणाऱ्याला फायदा की नंतर उतरणाऱ्याला? काही ठिकाणी पहिले तिघे वेगवान दिसतात, काही ठिकाणी पंधराव्या क्रमांकाचा अचानक पुढे येतो.

ल्यूजबद्दल (पाठीवर झोपून, पाय पुढे ठेवून उतरण्याचा खेळ) विचारत नाहीये. शिव केशवन यांच्यामुळे आपल्याकडे तो खेळ थोडाफार माहीत आहे. हे दोन मात्र मला नवीन आहेत.

---

शतांश

तुमच्या पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. रनर आणि बर्फाबद्दल इथे माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आहेत.

आधी घड्याळ कुठे सुरू होतं ते लक्षात घ्या, कारण तिथेच बहुतेकांची गफलत होते. ढकलण्याच्या ठोकळ्यापासून घड्याळ सुरू होत नाही. स्लेड १५ मीटर पुढे गेली की पहिला प्रकाशकिरण तुटतो आणि तेव्हा वेळ धावायला लागते. तिथून पुढच्या ५० मीटरला जो वेळ लागतो, तो तक्त्यातला 'सुरुवातीचा वेळ'. म्हणजे पहिल्या १५ मीटरमधला जोर तक्त्यात थेट दिसतच नाही. तो दिसतो पुढच्या ५० मीटरच्या वेळेत, कारण किरणापाशी स्लेड आधीच वेगात असते. ५० मीटर साधारण ५ सेकंदांत, म्हणजे सरासरी ताशी ३६ किलोमीटर. स्लेडवर बसेपर्यंत वेग ४० च्या आसपास पोहोचतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सुरुवातीचा *वेळ* आणि सुरुवातीचा *वेग* या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लवकर उडी मारून बसलेला संघ ५० मीटरची वेळ चांगली काढू शकतो, पण शेवटची तीन-चार पावलं न ढकलल्यामुळे त्याचा वेग कमी राहतो. उशिरा बसणाऱ्यांचं उलट: वेळ एखाद-दोन शतांशांनी मागे, पण स्लेड उतारावर लागताना जास्त वेगात. याचा निकाल पुढच्या टप्प्यात लागतो. म्हणून सुरुवातीच्या वेळेचा रकाना एकटा कधीच वाचू नये, त्याच्या शेजारच्या रकान्यासोबत वाचावा.

आता त्या 'एक दशांशाचे तीन दशांश' बद्दल. हा ढोबळ ठोकताळा आहे, आणि तो कुठे लागू पडतो हे साध्या हिशोबाने कळतं. घर्षण आणि हवा बाजूला ठेवा. एक स्लेड ताशी ४० ने उताराला लागली, दुसरी ४१ ने. सारखाच उतार उतरल्यावर दोघींच्या वेगाच्या *वर्गातला* फरक तेवढाच राहतो: ४१ चा वर्ग वजा ४० चा वर्ग, म्हणजे ८१. पण वेग १२० झाला की तोच ८१ चा फरक ताशी जेमतेम ०.३४ किलोमीटर उरतो. म्हणजे सुरुवातीच्या वेगाचा फायदा वरच्या भागात, स्लेड अजून हळू असताना, भराभर वाढतो आणि खाली जवळपास थांबतो. वरचा भाग सपाट असेल तर ठोकताळा खरा ठरतो. वर तीव्र उतार असेल तर तीनऐवजी दीड-दोनवरच अडकतो.

यातून वाचण्याची रीत मिळते: फरक किती आहे यापेक्षा तो कोणत्या टप्प्यात वाढतोय ते बघा.

समजा तीन स्लेड आहेत. आकडे उदाहरणापुरते घेतलेत: आधी सुरुवातीची वेळ, मग मधले तीन टप्पे, शेवटी अंतिम वेळ, सगळं सेकंदांत.

अ: ४.९५ – १५.२० – २८.४० – ४१.७५ – ५५.१०
ब: ५.०३ – १५.३३ – २८.५४ – ४१.८१ – ५५.०९
क: ४.९५ – १५.२३ – २८.४८ – ४१.९० – ५५.३४

'ब' ही 'अ'च्या मागे आहे ८ शतांश, मग १३, मग १४. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे: सुरुवात कमी पडली, वरच्या भागात तोटा वाढला, मग स्थिरावला. पण चौथ्या टप्प्यात फरक ६ वर येतो आणि शेवटी 'ब' एका शतांशाने पुढे. 'ब'ने खाली काही जादू केली नाही. 'अ'ने तिसऱ्या टप्प्याच्या आसपास वेग गमावला. आणि एकदा गमावलेला वेग फक्त त्याच टप्प्यात वेळ खात नाही, खालपर्यंत खात राहतो. म्हणून चूक शोधायची ती जिथे फरक *दिसायला लागतो* त्याच्या थोडं वर, बहुधा आधीच्या वळणातून बाहेर पडताना.

'क'चं दुखणं वेगळं आहे. सुरुवात 'अ'इतकीच, मग ३, ८, १५, २४. एकाही टप्प्यात उडी नाही, सगळीकडे थोडं थोडं गळतंय. तुम्ही म्हणताय ती 'कुठेही न आपटलेली' स्लेड हीच. इथे चालकाला दोष देण्याआधी रनर, स्लेडचं एकूण वजन, हवेचा विरोध आणि बर्फाची अवस्था बघायची. चार जणांपैकी मागचा नीट खाली न वाकता खांदे वर ठेवून बसला असेल किंवा ढकलायचा दांडा नीट आत मिटला नसेल, तरी तक्ता असाच दिसतो.

शेवटच्या वेगाच्या रकान्यावर फार विसंबू नका. वेग मोजण्याची जागा प्रत्येक ट्रॅकवर वेगळी असते, आणि वरून उशिरा आलेली स्लेडही त्या जागी सगळ्यात वेगवान असू शकते. ताशी १३० ने एक शतांश म्हणजे ३६ सेंटिमीटर. चार फेऱ्यांनंतरही पदक कधीकधी तेवढ्यावर ठरतं, आणि कधी तेवढंही उरत नाही. २०१७ मध्ये जर्मनीत क्योनिगझेला जागतिक स्पर्धेत चौघांच्या बॉबस्लेमध्ये योहानेस लोखनर आणि फ्रिडरिश यांची चार फेऱ्यांची बेरीज अगदी सारखी आली आणि सुवर्ण दोघांना मिळालं. पुढच्याच वर्षी प्यॉन्गचँग ऑलिम्पिकला दोघांच्या बॉबमध्ये फ्रिडरिश आणि कॅनडाचा जस्टिन क्रिप्स ३ मिनिटं १६.८६ सेकंदांवर बरोबरीत. वेळ शतांशापर्यंतच मोजतात, त्यामुळे बरोबरी आली की पदक वाटून दिलं जातं.

---

निळे पोलाद

शतांश यांच्या 'क' स्लेडचं पुढचं सांगतो.

बॉबला चार रनर. मागचे दोन आडवे वळत नाहीत, पुढचे दोन वळतात. चालकाच्या दोन हातांत दोन कड्या असतात, त्यांच्या दोऱ्या कप्प्यांवरून पुढच्या आसापर्यंत जातात. स्लेडचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांच्या मानाने पिळूही शकतात, त्यामुळे वळणाच्या भिंतीवर चढताना चारही रनर बर्फाला टेकून राहतात. हा सांधा फार घट्ट असेल तर एक रनर अधांतरी राहतो आणि मागचा भाग घसरतो. फार सैल असेल तर पुढचा भाग भरकटतो. पुढची जोडी एकमेकींना अगदी समांतर हवी. नसेल तर दोन्ही रनर सरळ रस्त्यावरही बर्फ खरवडत जातात. हा तोटा डोळ्यांना दिसत नाही, तक्त्यात मात्र 'क'सारखा पाझरत राहतो.

पोलाद कुठलंही चालत नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाने ठरवून दिलेलंच वापरावं लागतं आणि त्यावर कसलाही लेप, थर किंवा रसायन चालत नाही. त्यामुळे उरतं काय? आकार, उभा बाक आणि घासणी.

बाक म्हणजे रनर बाजूने पाहिला तर नावेच्या तळासारखा किती वाकलाय ते. बाक जास्त असेल तर बर्फाला टेकणारी लांबी कमी, घर्षण कमी, स्लेड चटकन वळते. पण तेवढ्या लहान जागेवर सगळं वजन आल्यामुळे बर्फ मऊ असेल तर रनर रुततो, आणि लांब सरळ भागात स्लेड डुलते. चापट रनर सरळ जातो, वळायला जोर मागतो. म्हणून कडक थंडीच्या टणक बर्फावर बारीक आणि जास्त बाकाचा, उबदार दिवशी रुंद आणि चापट, अशी साधारण निवड. चुकलेली निवड फेरीत दुरुस्त होत नाही. म्हणूनच स्पर्धेआधीच्या सरावफेऱ्यांत संघ एकाच ट्रॅकवर दोन-तीन जोड्या बदलून बघतात. त्या सरावाचे तक्तेही मिळाले तर आवर्जून बघा, कोणी काय चाचपलं ते कळतं.

घासणीचं: काचपेपर नेहमी रनरच्या लांबीच्या दिशेने, कधीही आडवा किंवा गोल नाही. ओरखडा असेल तर ३२० नंबरच्या कागदापासून सुरुवात (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक), मग ४००, ६००, ८००, १०००, १२००, २०००. मधला एकही टप्पा गाळायचा नाही. ४०० वरून थेट १००० ला उडी घेतली तर रनर चकाकतो, पण ४०० चे चरे तळाशी तसेच राहतात. दर टप्प्याला कापड बदलायचं, नाहीतर आधीच्या कागदाचा एखादा कण पुढच्या टप्प्यात नवा चरा पाडतो. तपासायला कापसाचा बोळा दोन्ही दिशांनी फिरवायचा. धागा अडकला की तिथे खरखर आहे. शेवटी पॉलिशच्या पेस्टचा अंशही उरता कामा नये. एका फेरीनंतर पुन्हा ओरखडे येऊ शकतात, विशेषतः काँक्रीटवरचा बर्फ पातळ झालेल्या जागी. ट्रॅकपर्यंत नेताना रनरवर आवरणं घालतात ती याचसाठी. वाळूचा एक खडा सगळी मेहनत घालवतो.

तापमान मोजण्याचं कारण सरळ आहे. गरम रनर बर्फाचा पातळ थर वितळवतो आणि त्या पाण्यावरून पळतो. ते रोखण्यासाठी फेरीच्या तासभर आधी एक संदर्भ रनर सुरुवातीच्या जागेजवळ सावलीत टांगून ठेवतात. तो त्या जागेच्या हवेइतका थंड होतो. स्पर्धकाचा रनर त्याच्यापेक्षा ४ अंश सेल्सिअसहून जास्त गरम निघाला तर स्पर्धेतून बाद. उबदार खोलीतून स्लेड उशिरा बाहेर आणली किंवा रनरवर ऊन पडलं, तरी हे घडू शकतं. पोलाद सावकाश निवतं, म्हणून संघ स्लेड लवकर बाहेर काढून सावलीत ठेवतात. तुम्ही ल्यूज बाजूला ठेवलंत, तरी या नियमामागची कडक नजर समजायला तिथलंच उदाहरण घ्यावं लागेल: १९६८ च्या ग्रनोबल ऑलिम्पिकमध्ये पूर्व जर्मनीच्या तीन महिला ल्यूजपटूंना रनर तापवल्याबद्दल बाद केलं होतं.

---

दंवबिंदू

आधी उतरावं की नंतर, यावर लिहितो. याचं एकच उत्तर नाही, पण दिवस बघून अंदाज बांधता येतो.

लेक प्लॅसिडचा ट्रॅक १४५५ मीटरचा, २० वळणांचा. काँक्रीटच्या पन्हळीत नळ्या, त्यांतून गारवा, आणि वर हाताने फवारून थरावर थर चढवलेला बर्फ. दिवस कोरडा, थंड, बर्फ ताजा घासलेला असेल तर पहिल्या काही क्रमांकांना फायदा. प्रत्येक स्लेड थोडं खरवडते, खाचा पडतात, बाहेर पडण्याच्या जागी चुरा साठतो. चौघांची बॉब ६३० किलोपर्यंत असते, त्यामुळे तिथे ही झीज लवकर जाणवते, स्केलेटनमध्ये कमी.

बर्फ पडत असेल तर उलट. पहिले उतरणारे स्वतःच्या रनरने रस्ता झाडत जातात आणि मागच्यांना साफ वाट मिळते. फेरीच्या मधे कामगार झाडतात, पण दाट बर्फवृष्टीत तेही पुरत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे दंव. ट्रॅकचं तापमान हवेपेक्षा बरंच कमी आणि हवा दमट असली की पृष्ठभागावर पांढरी लव येते. तिच्यावरून रनर अडतो, बारीक पॉलिश पेपरवरून बोट फिरवल्यासारखा. अशा दिवशी दहा-बारा स्लेडी गेल्या की लव घासली जाते आणि पंधराव्या क्रमांकाला वेगवान ट्रॅक मिळतो. तुम्हाला कोडं पडलेला तो 'अचानक पुढे येणारा' बऱ्याचदा असा असतो. ऊन ढळताना ढग आले तरी नंतरच्यांना असा फायदा मिळू शकतो.

म्हणून पहिल्या क्रमांकाची तुलना विसाव्याशी करू नका. मागचे-पुढचे तिघे-चौघे घ्या. सगळे एकाच टप्प्यात मंदावलेले दिसले तर दोष बर्फाचा, एकटाच मंदावला तर त्याचा स्वतःचा.

स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झचा तक्ता हाताशी आला तर तो वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. २०२३ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. तिथे काँक्रीट नाही, नळ्या नाहीत. दर हिवाळ्यात बर्फ आणि पाण्यातून ट्रॅक नव्याने उभा करतात, १९०४ पासून. आकार दरवर्षी किंचित बदलतो. त्यामुळे इतर ट्रॅकवर नेहमी जुळणारे जुन्या फेऱ्यांचे आडाखे तिथे कमी चालतात.

---

घसरवाट

मनापासून आभार, तिघांचेही. 'क' स्लेडची खूण वापरून दोघांच्या बॉबचे दोन तक्ते पुन्हा पाहिले, बरंच उलगडलं.

दोन शंका उरल्या. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत उतरण्याचा क्रम उलटापालटा होतो, त्यामुळे दंवबिंदू यांनी सांगितलेला फायदा-तोटा कसा फिरतो? आणि उलटी झालेली बॉब शेवटच्या रेषेपार घसरत गेली तरी तिची वेळ तक्त्यात धरलेली असते, ते कसं?

---

पंचनजर

जागतिक स्पर्धेत मिश्र सांघिक सोडून प्रत्येक प्रकाराच्या चार फेऱ्या, दोन दिवसांत. चारही वेळांची बेरीज, कमी बेरीज तो विजेता. एक फेरी वाया गेली तर ती सोडून देण्याची सोय नाही. विश्वचषकाच्या साखळीत दोनच फेऱ्या असतात, म्हणून तिथले तक्ते आणि इथले तक्ते शेजारी ठेवताना हे ध्यानात असू द्या. घाटातल्या बैलगाडा शर्यतीत एकेक गाडा एकटा सोडून घड्याळावर मोजतात ना, रचना तशीच आहे: प्रतिस्पर्धी शेजारी नसतो, फक्त घड्याळ असतं.

तिसऱ्या फेरीत दोन फेऱ्यांनंतर पहिला असलेला आधी उतरतो. चौथ्या फेरीत फक्त पहिले २० आणि क्रम उलटा: विसावा आधी, आघाडीचा शेवटी. म्हणजे साध्या कोरड्या दिवशी तिसऱ्या फेरीत आघाडीच्याला ताजा बर्फ मिळतो आणि तो आघाडी वाढवतो. चौथ्या फेरीत त्याला एकोणीस जणांनी वापरलेला ट्रॅक मिळतो. त्यामुळे चौथ्या फेरीत आघाडीचा थोडा मंद दिसला तर तो दडपणाखाली ढासळला असं लगेच म्हणू नये. दुसरा आणि तिसराही तेवढेच मंद असतील तर बर्फ झिजलाय. पुढे असलेला चालक शेवटच्या फेरीत मुद्दाम सुरक्षित वाटही धरतो. बॉबमध्ये ही वाट म्हणजे वळणात लवकर शिरणं, कमी उंची चढणं आणि बाहेर पडताना भिंतीपासून हातभर अंतर राखणं.

उलटलेल्या बॉबचं: नियम असा की सगळा संघ स्लेडमध्ये असताना ती शेवटची रेषा ओलांडली तर वेळ वैध. ती कशावर घसरते याला महत्त्व नाही. एक जण जरी बाहेर फेकला गेला तर बाद. सुरुवातीला चौथा उडी मारताना हुकला तरी तेच. म्हणूनच चढण्याचा क्रम पक्का बसवतात: आधी चालक, मग बाजूचे दोघे, शेवटी ब्रेकमन (सगळ्यात मागचा, ब्रेक ओढणारा). इथे सर्वात जास्त बिघडतं ते पायांचं. बुटांच्या तळाला ब्रशसारखे बारीक काटे असतात, ते पुढच्याच्या पाठीत किंवा पोशाखात अडकतात, एकाचा पाय दुसऱ्याच्या जागी पडतो आणि मागचा अर्धा उठूनच राहतो. हिरवा दिवा लागल्यावर बॉबला ६० सेकंद मिळतात, स्केलेटनला ३०. तेवढ्यात निघालं नाही तर बाद. ब्रेक फक्त रेषेनंतर ओढायचा. त्याचे दात बर्फ फाडतात, पुढच्या सगळ्यांचा ट्रॅक बिघडतो.

वजनाचंही एक सांगून टाकतो, कारण 'क' स्लेडमागे बऱ्याचदा तेच असतं. चौघांची बॉब रिकामी किमान २१० किलो, माणसांसह जास्तीत जास्त ६३०. म्हणजे माणसांना ४२०, प्रत्येकी १०५ किलो, कपडे-हेल्मेटसकट. दोघांची किमान १७०, कमाल ३९०, म्हणजे प्रत्येकी ११०. जड स्लेडवर हवेचा विरोध त्यामानाने कमी परिणाम करतो, म्हणून सगळे कमाल आकडा गाठायला बघतात. माणसं हलकी असतील तर वजनं टाकून भरपाई करता येते, पण मग तीच जड स्लेड सुरुवातीला ढकलावी लागते. त्यामुळे ताकदवान आणि अंगाने मोठे धावपटू लागतात. खाली पोहोचल्यावर वजन होतं आणि कमाल ओलांडली तर बाद.

मोनोबॉबचे तक्ते वेगळे वाचा. तिथे स्लेड सगळ्यांना एकाच प्रकारची, प्रमाणित. त्यामुळे 'क'सारखी गळती दिसली तर यंत्राचा संशय कमी आणि चालवण्याचा जास्त.

---

हनुवटी

स्केलेटन अजून कोणी घेतलं नाही, म्हणून तेवढं जोडतो. बॉबचे निकष तिथे जसेच्या तसे लावले तर फसगत होते.

स्लेड उघडी, पोलादी चौकट, दोन रनर, खाली पोटाला झाकण, बाजूला पकडायचे दांडे आणि आपटी घेणारे गुटके. पोटावर, डोकं पुढे. दोऱ्या नाहीत, कड्या नाहीत. खांदा किंवा गुडघा दाबून चौकट किंचित पिळायची. रनरच्या मागच्या टोकाला खाचा कापलेल्या असतात आणि त्या खाचांच्या कडा बर्फ धरतात. गुडघा दाबला की ती कड रुतते, स्लेड वळते आणि वेगही जातो. म्हणून उत्तम फेरीत खेळाडू जवळपास काहीच करत नाही असं वाटतं. बोट टेकवणं हा शेवटचा उपाय, त्याचा दंड पुढच्या प्रत्येक टप्प्यात दिसतो.

चौकटीचा ताण बदलता येतो आणि रनरचा बाकही. बाक वाढवला की कमी जागा टेकते, स्लेड पळते, पण मागच्या खाचा बर्फापासून दूर जातात आणि ताबा कमी होतो. ज्या ट्रॅकवर वळणं एकामागोमाग लगेच येतात तिथे थोडा बाक सोडून ताबा घेणं फायद्याचं. लांब वळणांत, उदाहरणार्थ जर्मनीतल्या आल्टेनबर्गच्या जवळपास पूर्ण गोल फिरणाऱ्या 'क्रायझेल'मध्ये, स्लेड भिंतीवर लाटेसारखी वर-खाली जाते. शेवटची लाट कुठे उतरते यावर बाहेर पडणं ठरतं. लाट चुकली तर स्लेड वळणातून बाहेर पडताच समोरच्या भिंतीवर आदळते, आणि तक्त्यातला फरक तिथून खाली वाढतच जातो.

वजन: पुरुषांना स्लेडसह कमाल १२० किलो, स्लेड ४५ पर्यंत. महिलांना १०२, स्लेड ३८ पर्यंत. ७० किलोचा पुरुष ४५ ची स्लेड घेऊनही ११५ वरच थांबतो, ८० किलोचा ४० च्या स्लेडवर १२० गाठतो आणि सुरुवातीला हलकी स्लेड घेऊन धावतो.

सुरुवातीत बघायचं ते उडी मारण्याच्या क्षणाकडे. स्लेड बर्फात कोरलेल्या खाचेतून जाते आणि खेळाडू वाकून, बहुधा एका हाताने ढकलत, तिच्या शेजारून धावतो. झेपावताना छाती आधी आणि जोरात आपटली की स्लेड खाचेत डुलते, रनर कडेला घासतो. ५० मीटरची वेळ तरीही चांगलीच दिसते, मार दुसऱ्या रकान्यात बसतो.

मिश्र सांघिक स्केलेटनचे आकडे वैयक्तिक आकड्यांशी ताडून बघू नका. हा प्रकार जागतिक स्पर्धेत २०२० पासून आहे, एक महिला आणि एक पुरुष, दोघांच्या वेळांची बेरीज. तिथे दिवा लागताच निघायचं असतं आणि प्रतिसादाचा वेळही मोजला जातो. लेक प्लॅसिडला हे सुवर्ण अमेरिकेच्या मिस्टिक रो आणि ऑस्टिन फ्लोरियन यांनी घेतलं. त्या तक्त्यात आधी प्रतिसादाचा रकाना बघा, मग सुरुवातीचा.

---

शतांश

घसरवाट, तक्ता उघडताना एक करा. कागदावर आघाडीच्या स्लेडच्या प्रत्येक टप्प्याची वेळ वजा करून बाकीच्यांचे फक्त फरक लिहा आणि मग दोन फरकांमधला फरक. तो शून्याच्या आसपास असेल ती जागा सोडून द्या. जिथे आकडा ४-५ शतांशांनी उडी मारतो तिथे बोट ठेवा, आणि चित्रफीत त्या टप्प्याच्या एक वळण आधीपासून लावा.